वसतिगृहातील खरूज : मोजायची कशी आणि कळवायची कोणाला?

दादर पश्चिमेतील मुलींच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापिकांचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि संस्था गाळून पत्राचा सारांश देत आहे. वसतिगृहात ४६ मुली राहतात, एका खोलीत चौघी. जूनच्या मध्यावर नवे प्रवेश झाले, जुलैच्या शेवटी दोन मुलींना रात्री असह्य खाज सुटू लागली आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत अशा मुलींची संख्या नऊ झाली. कोणी फॅमिली डॉक्टरांचे औषध घेतले, कोणी केमिस्टकडून मलम आणले; चार दिवस बरे वाटले आणि खाज परतली. अखेर एका त्वचारोगतज्ज्ञांनी ही खरूज असल्याचे सांगितले. संस्थेने खर्च करून सर्व गाद्यांवर फवारणी करून घेतली. चिपळूणहून नव्याने आलेल्या एका मुलीनेच हे आणले असे ठरवून तिला घरी पाठवण्यात आले. तिला खाज सुरू झाली होती ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ही गोष्ट बाहेर जाऊ नये, असे विश्वस्तांचे म्हणणे आहे. व्यवस्थापिका विचारतात, "मुंबईत खरूज खरोखर वाढली आहे का, की आमच्याच व्यवस्थेत काही चुकले? महापालिकेला कळवणे बंधनकारक आहे का? आणि कळवले तर बदनामीपलीकडे त्यातून काय साधेल?"

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाला सरळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता आले असते तर मला आनंद झाला असता; परंतु मुंबईत खरजेचे रुग्ण दर आठवड्याला किंवा दर महिन्याला मोजणारी व्यवस्थाच नाही. पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि गॅस्ट्रो यांचे आकडे महापालिका जाहीर करते, त्यामुळे मागच्या वर्षीपेक्षा यंदा रुग्ण किती वाढले हे वर्तमानपत्रात वाचायला मिळते. खरजेचा रकाना त्या तक्त्यात नाही. देशपातळीवर २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो आणि २०२१ पासून त्याची माहिती संगणकीय मंचावर भरली जाते. त्यात आरोग्यसेवकांनी लक्षणांवरून भरायचा, डॉक्टरांनी संभाव्य निदानावरून भरायचा आणि प्रयोगशाळेने खात्रीच्या निदानावरून भरायचा असे तीन प्रकारचे नमुने (फॉर्म) आहेत. डॉक्टरांच्या नमुन्यात कुत्रा चावल्याची आणि साप चावल्याचीही नोंद असते, पण खरजेची नसते. 'यंदा खरूज फार दिसते' असे त्वचारोगाच्या ओपीडीतील डॉक्टर सांगतात तेव्हा ते अनुभवाने बोलत असतात आणि त्या अनुभवाला किंमत आहेच. मात्र ओपीडीत किती जण आले यावरून शहरात किती जणांना आजार आहे हे ठरवता येत नाही, कारण बहुतेक जण आधी केमिस्टच्या काउंटरवर जातात आणि त्यांतले अनेक जण तिथूनच परततात.

जगाचे चित्र थोडे अधिक स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोणत्याही एका वेळी २० कोटींहून अधिक लोकांना खरूज असते आणि वर्षभरात ४० कोटींहून अधिक लोकांना ती होते. २०१७ मध्ये संघटनेने तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आणि २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन हे औषध खरजेसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. गेल्या काही वर्षांत वाढीची खात्रीची बातमी मात्र युरोपातून आली आहे, आणि ती तिथून आली याचे कारण तिथे मोजणी होते. इंग्लंडमध्ये १९५७ पासून निवडक फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून आजारांची नियमित आकडेवारी गोळा होते आणि तिच्या साप्ताहिक अहवालात खरजेचाही आलेख असतो. २०२३ पासून हा आलेख मागील पाच वर्षांच्या सरासरीच्या वर राहिल्याचे तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले, आणि नेमक्या त्याच काळात औषधांचा तुटवडाही झाला. नेदरलँड्समध्येही अशीच वाढ दिसली, विशेषतः विद्यार्थी वयातील तरुणांमध्ये. जर्मनीत तर शाळा किंवा पाळणाघर चालवणाऱ्याने खरजेचा रुग्ण आढळताच स्थानिक आरोग्य कार्यालयाला कळवावे असा कायदाच आहे. तेव्हा 'तिकडे वाढली, आपल्याकडे नाही' असा निष्कर्ष काढू नये. तिकडची वाढ कागदावर आली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आता 'व्यवस्थेत काय चुकले' याविषयी. खरजेचा किडा, म्हणजे सारकॉप्टीस स्केबीई नावाचा सूक्ष्म कोळीवर्गीय जीव, मळावर वाढत नाही. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बोगदा करून राहते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. रोज अंघोळ करणाऱ्या स्वच्छ मुलीलाही खरूज होते, कारण त्वचेला त्वचा बराच वेळ लागली की किडा एका शरीरावरून दुसऱ्यावर जातो आणि साबणाने बोगद्यातला किडा निघत नाही. चौघींच्या खोलीत गाद्या जोडून झोपणे, एकमेकींच्या पांघरुणात शिरून रात्री उशिरापर्यंत बोलत बसणे एवढे त्याला पुरते. दाटीवाटी हे खरे कारण आहे आणि मुंबईत दाटीवाटी कोणी हौसेने करत नाही. त्यामुळे स्वतःला किंवा मुलींना अस्वच्छतेचा दोष देऊ नका.

चिपळूणच्या मुलीविषयी मात्र मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण मोजणीचा उपयोग काय या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच उदाहरणात आहे. ज्या व्यक्तीला खरूज पहिल्यांदाच होते, तिला संसर्गानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी खाज सुरू होते. किड्याविषयी आणि त्याच्या विष्ठेविषयी शरीराला प्रतिक्रिया द्यायला तेवढा काळ लागतो. ज्यांना ती पूर्वी होऊन गेली आहे, त्यांना मात्र एक ते चार दिवसांतच खाज सुटते. हिशेब मांडून पाहा. पहिल्या दोन मुलींना जुलैअखेर खाज सुरू झाली, म्हणजे त्यांना संसर्ग साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाला असावा. चिपळूणच्या मुलीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खाज सुरू झाली, म्हणजे तिचा संसर्ग जूनच्या शेवटच्या आठवड्यातला किंवा जुलैच्या सुरुवातीचा, अर्थात ती वसतिगृहात राहायला आल्यानंतरचा. खाज सुरू होण्याआधीही संसर्ग दुसऱ्याला देता येतो, त्यामुळे उगम कोणाकडे असावा या शक्यतांतून तिला पूर्ण वगळता येत नाही हे मान्य. पण तारखांचा कल स्पष्टपणे असा आहे की तिने खरूज आणलेली नसून तिला ती तुमच्याकडे मिळाली आहे. उगम बहुधा अशा कोणाकडे असावा, जिला जूनमध्येच खाज होती आणि जी ती एखाद्या मलमाने दाबत होती. हे सगळे तुमच्याच पत्रातील तीन तारखांवरून काढता आले. अशा तारखा नऊही मुलींच्या असत्या तर बरेच अधिक कळले असते.

म्हणून पहिले काम म्हणजे एक वही घाला. मुलींची नावे लिहू नका, खोली आणि खाटेचा क्रमांक लिहा, आणि ही वही तुमच्याच कपाटात राहू द्या. वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप गटावर तिचा फोटो कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. प्रत्येकीसाठी खाज कधी सुरू झाली, पुरळ कोठे आहे, खोलीत किंवा घरी आणखी कोणाला खाज आहे का, आजवर कोणते मलम लावले आणि डॉक्टरांनी तपासून काय निदान केले, इतके लिहिले तरी पुरे. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीभोवतीचा भाग, कंबर आणि स्तनांखालचा भाग या खरजेच्या नेहमीच्या जागा आहेत. खरजेच्या निदानाचे निकष २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने प्रसिद्ध केले आणि त्यांत खात्रीचे, वैद्यकीय तपासणीवरून केलेले व संशयित अशा तीन पातळ्या ठेवल्या. ठरावीक जागी ठरावीक पुरळ, सोबत खाज आणि रुग्णाशी जवळचा संपर्क हे तिन्ही जुळले, तर सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसला नसला तरी वैद्यकीय निदान धरता येते. तुमच्या वहीतही 'डॉक्टरांनी निदान केलेली' आणि 'संशयित' असे दोन रकाने वेगळे ठेवा, म्हणजे घाबरून खाजवणारी आणि खरोखर बाधित झालेली यांची सरमिसळ होणार नाही. स्वयंपाकाच्या मावशी, सफाईच्या मावशी आणि रात्रपाळीचे वॉचमन यांनाही वहीत जागा द्या. बहुतेक संस्था इथेच चुकतात.

मलमाच्या रकान्यावर मी जोर देतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे खाजेवरचा रामबाण म्हणून चिठ्ठीशिवाय सर्रास विकली जातात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडना चिठ्ठीशिवाय मिळालेली मुभा काढून घेतली, तरी काउंटरवरचा व्यवहार फारसा बदललेला दिसत नाही. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, पुरळाचे रूप बदलते, मग कोणी त्याला नायटा म्हणते, कोणी ॲलर्जी, आणि किडा आत सुखाने वाढत राहतो. 'चार दिवस बरे वाटले आणि खाज परतली' हे तुमच्या पत्रातले वाक्य मला याच दिशेने नेते. असे मलम लावणारी प्रत्येक मुलगी मोजणीतून निसटते आणि संसर्ग मात्र देत राहते.

उपचाराचे नियोजन डॉक्टरांनीच करायचे आहे. पण ते कसे असावे हे तुम्हाला ठाऊक असले तर आग्रह धरता येईल. ४६ पैकी नऊ म्हणजे सुमारे २० टक्के. एखाद्या समाजात १० टक्के किंवा अधिक लोकांना खरूज असेल, तर सर्वांनाच औषध देण्याचा विचार व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लामसलतीत २०१९ मध्ये सुचवले गेले. तो मापदंड गावांसाठी आणि बेटांसाठी आहे, वसतिगृहासाठी नाही. परंतु जिथे माणसे एकाच छताखाली झोपतात तिथे अनेक रुग्ण आढळल्यावर सर्वांवर एकाच वेळी उपचार करावेत याबद्दल फारसा मतभेद नाही. फिजी देशातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे सर्वांना आयव्हरमेक्टिन दिले तिथे खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून वर्षभरात २ टक्क्यांच्या खाली आले. जिथे फक्त रुग्ण आणि त्यांचे निकटचे संपर्क यांच्यावर नेहमीचा उपचार केला तिथे ते सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंतच उतरले. औषधाआधी आणि औषधानंतर दोन्ही वेळा मोजले होते, म्हणूनच हा फरक दिसला. तुमच्याकडे नऊ मुलींनी नऊ वेगवेगळ्या दिवशी उपचार घेतले, त्यामुळे बरी झालेली मुलगी न झालेलीच्या शेजारी झोपत राहिली.

साधारणपणे ५ टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या, नखांखालची जागा आणि बेंबीसकट, पूर्ण अंगाला लावून ८ ते १४ तासांनी धुतात. प्रौढ व्यक्तीला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम लागते. एकाच ट्यूबमध्ये चौघींचे भागवले तर उपचार झालाच नाही असे समजावे. मध्येच हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे. किडे मेले तरी काही अंडी तगू शकतात, म्हणून ७ ते १४ दिवसांनी हाच उपचार दुसऱ्यांदा करतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनावरून ठरतात, त्यांचेही दोन डोस असतात, आणि गरोदर स्त्रियांना किंवा १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या सहसा देत नाहीत; त्यामुळे मावशींच्या घरी गरोदर सून किंवा तान्हे बाळ असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांच्यासाठी गंधकाच्या मलमासारखे पर्याय आहेत. गणपतीसाठी मुली गावी जाण्याआधी दोन्ही फेऱ्या पूर्ण होतील अशा तारखा ठरवा. अर्धवट उपचार घेऊन मुली कोकणात गेल्या, तर आजी, काकू आणि चुलत भावंडे एकाच खोलीत झोपतील आणि वसतिगृहाची खरूज पाच-सहा गावांत पोचेल.

गाद्यांवरच्या फवारणीबद्दल स्पष्टच लिहितो : तो पैसा वाया गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे केनेथ मेलान्बी या कीटकशास्त्रज्ञाने युद्धाला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्या काळी रुग्णांची पांघरुणे आणि कपडे निर्जंतुक करण्यावर सरकार बराच खर्च करत असे. रुग्णांनी वापरलेल्या पांघरुणांतून आणि कपड्यांतून क्वचितच कोणाला खरूज झाली, आणि नेहमीच्या रुग्णाच्या अंगावर सरासरी अकराच्या आसपासच किडे असतात, असे त्याला आढळले. माणसाच्या अंगाबाहेर किडा सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तगत नाही. तेव्हा उपचाराच्या दुसऱ्या सकाळी चादरी, अभ्रे, टॉवेल आणि आदल्या दोन-तीन दिवसांत वापरलेले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले, आणि जे धुता येत नाही ते तीन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले, की पुरे. ऑगस्टमध्ये मुंबईत ऊन कुठले, असे तुम्ही म्हणाल. पिशवीचा उपाय त्यासाठीच आहे. फवारणीचा जो खर्च झाला, तो सर्वांच्या मलमावर झाला असता तर कारणी लागला असता. अपवाद एकच : अंगावर जाड खपल्या धरणाऱ्या प्रकारात किड्यांची संख्या हजारोंत किंवा लाखोंत जाते आणि तेव्हा अंथरूणही धोक्याचे ठरते. हा प्रकार बहुधा फार वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तींत दिसतो, आणि गंमत म्हणजे त्यांना खाज कधीकधी कमीच असते.

उपचारानंतर वहीची खरी परीक्षा सुरू होते. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. 'औषध लागू पडले नाही' असा ओरडा होईल, कोणी पुन्हापुन्हा मलम चोपडेल आणि त्वचा अधिकच बिघडवून घेईल. जुनी खाज हळूहळू उतरते आहे की नव्या जागी नवे पुरळ उठते आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तपासणीच्या दिवशी ते वेगळेच लिहून ठेवायचे आहेत. परमेथ्रिनला किडे दाद देत नाहीत अशी चर्चा युरोपात आहे आणि ऑस्ट्रियातील संशोधकांना किड्यांमध्ये त्याच्याशी संबंधित जनुकीय बदलही आढळला आहे. पण तुमच्याकडे नवे पुरळ दिसलेच, तर किड्याच्या जनुकाआधी कोणी मलम अर्धवट लावले का आणि कोणी उपचारातून सुटले का, हे तपासा. खाजवून झालेल्या जखमा पिकल्या असतील तर दुर्लक्ष करू नका. त्यांत स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू शिरले की क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. चेहरा सुजणे किंवा लघवी गडद होणे अशी तक्रार आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

राहिला महापालिकेचा प्रश्न. खरूज कळवण्याची तुमच्यावर सक्ती नाही. तरीही कळवा, असा माझा सल्ला आहे. दादर पश्चिम हा भाग जी उत्तर विभागात येतो. तेथील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे अर्ध्या पानाचे पत्र द्या. त्यात राहणाऱ्यांची संख्या, रुग्णांची संख्या, पहिली आणि शेवटची लक्षणे सुरू झाल्याची तारीख, कोणी निदान केले आणि कोणता उपचार कोणत्या तारखांना करणार, एवढेच असावे. एकाही मुलीचे नाव नको. पोच घ्या. याच विभागात धारावीही येते, आणि तुमच्या मावशी जिथे राहतात त्या वस्तीत खरूज पसरली असेल तर त्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला तुमच्या पत्रामुळे किमान चौकशी करायला सुचेल. सर्वेक्षणाच्या ठरलेल्या यादीत आजार नसला तरी एकाच ठिकाणी एकदम अनेक रुग्ण आढळल्याची बातमी आरोग्य यंत्रणा नोंदवू शकते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते, आणि त्या तपासणीच्या यादीत खरजेचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे लहान मुलांपुरती एक खिडकी उघडी आहे. कॉलेजच्या मुली, नोकरदार स्त्रिया, घरकामगार आणि वॉचमन यांच्यासाठी तीही नाही, म्हणून तुमच्यासारख्यांनी पाठवलेला आकडा मोलाचा आहे. एका पत्राने रकाना तयार होईल असे मी म्हणत नाही. मात्र दहा संस्थांनी एका पावसाळ्यात अशी पत्रे दिली, तर 'आमच्याकडे अशी तक्रार नाही' हे उत्तर देता येणार नाही.

विश्वस्तांना बदनामीची भीती वाटते ती मी समजू शकतो. परंतु नऊ मुलींच्या नऊ घरी ही गोष्ट आधीच पोचली आहे आणि ती तुमच्या शब्दांत पोचलेली नाही. पालकांना एक पत्र पाठवा : अमुक इतक्या मुलींना खरूज आढळली, सर्वांवर अमुक दोन तारखांना उपचार होईल, कोणालाही घरी पाठवले जाणार नाही. चिपळूणच्या मुलीच्या घरी मात्र पत्र न धाडता तुम्ही स्वतः फोन करा. तिच्या खाजेची तारीख काय सांगते ते आईवडिलांना समजावून सांगा, घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा असे सुचवा आणि तिला परत बोलवा. उपचाराची पहिली फेरी झाली की दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात आणि खोलीत राहू शकते.

पहिली तपासणी दुसऱ्या फेरीनंतर दोन आठवड्यांनी आणि दुसरी सहा आठवड्यांनी करा. त्यानंतर दिवाळीची सुट्टी येईल आणि मुली पुन्हा आपापल्या घरून येतील. परतल्यावर महिना-दीड महिन्याने, म्हणजे बहुधा डिसेंबरात, सर्व ४६ जणींना आणि कर्मचाऱ्यांना खाजेबद्दल एकदा विचारा. नवा रुग्ण नसेल तर तसा आकडा टाकून विभाग कार्यालयाला दुसरे पत्र द्या. असेल तर तो कोणत्या खोलीतला आहे आणि सुट्टीत कोठे होता हे लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.